घंटा सात मिनिटे दहा सेकंद उशिरा वाजल्याबाबत

पुरवणी जबाब

मी, खाली सही करणारी, वय २९ वर्षे, धंदा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे, राहणार शाळेमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, पहिला मजला, सोबत आई, आज मंगळवार रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात आपण होऊन आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष हजर राहून जबाब देते की,

गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता मी याच ठाण्यात, याच टेबलासमोर एक जबाब दिला होता. शाळेच्या घंटेच्या यंत्रात कोणीतरी मुद्दाम फेरफार केला आहे, असे मी त्यात सांगितले होते. तो जबाब चुकीचा आहे. खोटा होता की चुकीचा, असे साहेबांनी विचारले. मी सांगितले, की खोटे बोलायला खरे काय ते माहीत असावे लागते, आणि शुक्रवारी मला ते माहीत नव्हते. तेव्हा चुकीचाच.

माझ्या त्या जबाबावरून शाळेचे शिपाई मामा यांना शुक्रवारी साडेतीन तास आणि शनिवारी दोन तास बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते, असे मला नंतर समजले. आज साहेब येईपर्यंत मी त्याच बाकावर वीस मिनिटे बसले. त्याचा एक पाय आखूड आहे.

मामा शाळेत सव्वीस वर्षे नोकरीला आहेत. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मुख्याध्यापिका बाई म्हणतात आणि मुलांचे आईबापही म्हणतात, कारण त्यांतले निम्मे मामांच्याच घंटेवर शिकलेले आहेत. मीही त्यांतलीच. सोळा महिन्यांपूर्वीपर्यंत शाळेची घंटा मामा हाताने वाजवत असत. जिन्याखाली एक अरुंद खोली आहे, तिथे पितळेची जाड थाळी टांगलेली आहे आणि तिच्यासाठी एक लाकडी हातोडी होती.

सोळा महिन्यांपूर्वी मुख्याध्यापिका बाईंनी मला घंटेचे यंत्र करून द्यायला सांगितले. यंत्र म्हणजे वहीएवढा एक छोटा संगणक, त्याला जोडलेली विजेची घंटा आणि माझा प्रोग्रॅम. ते मी एका शनिवारी बसवले. मी वर चढून वायर ओढत असताना मामांनी स्टूल धरून ठेवले होते. यंत्राची पहिली घंटा झाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी हातोडी फडक्याने पुसली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. मी काही विचारले नाही. मला दुसरीकडे जायचे होते.

प्रोग्रॅमबद्दल विचारल्यावरून सांगते. एखादे काम आपण समोर बसून न राहता मागच्या मागे ठरावीक वेळाने होत राहावे, अशी सोय आमच्या संगणकाच्या भाषेत तयारच असते. आम्ही त्याला बॅकग्राउंडचे काम म्हणतो. एकदा सांगून ठेवायचे आणि विसरून जायचे. मी लावून दिलेले काम असे होते: दर मिनिटाला जागे व्हायचे, आपल्या हिशेबाने किती वाजले ते बघायचे, वेळापत्रकात त्या मिनिटाला घंटा असेल तर वाजवायची, नोंदीत एक ओळ लिहायची आणि परत झोपायचे. यंत्र खरी वेळ फक्त चालू होताना एकदाच बघते. पुढे एक फेरी म्हणजे एक मिनिट असे धरून आपले आपण मोजत राहते. असे का केले, असे साहेबांनी विचारले. त्या वेळी ते सुटसुटीत वाटले, एवढेच माझ्याकडे उत्तर आहे.

आता घडले ते असे. सध्या परीक्षा मंडळाची परीक्षा चालू आहे आणि आमची शाळा तिचे केंद्र आहे. मामांची नात, म्हणजे त्यांच्या मुलीची मुलगी, याच केंद्रावर परीक्षेला बसली आहे. ज्याचे जवळचे नातेवाईक परीक्षेला बसले असतील त्याने केंद्रावर काम करू नये, असा नियम आहे. नातीचे आडनाव वेगळे आहे. मामांनी कळवले नसते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. पण मामांनी स्वतः चिठ्ठी लिहून कळवले, रजा घेतली आणि परीक्षा सुरू होण्याआधीच्या शनिवारी सकाळची कामे उरकून सगळ्या चाव्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्या दिवसापासून ते शाळेच्या फाटकाच्या आत आलेले नाहीत. नातीला सोडायला यायचे तेसुद्धा रस्त्याच्या पलीकडे थांबायचे, असे बाईंनीच मला सांगितले.

गेल्या गुरुवारी गणिताचा पेपर होता, वेळ अकरा ते दोन. पेपर सुरू झाला तो बरोबर वेळेवर, कारण प्रश्नपत्रिकांची पाकिटे ठरल्या मिनिटाला दोन साक्षीदारांसमोर फोडावी लागतात आणि तेव्हा बाई मोबाइल बघतात. पेपर संपतो तो मात्र घंटेवर. वर्गात मोबाइल नेता येत नाही आणि वर्गांतली घड्याळे आपापल्या मताप्रमाणे चालतात. दीड वाजता मंडळाचे पथक अचानक तपासणीला आले. पथकाचे अधिकारी दोन वाजता व्हरांड्यात मनगटावरचे घड्याळ बघत उभे राहिले. घंटा झाली नाही. ते तसेच उभे राहिले. त्यांच्या अहवालाप्रमाणे घंटा दोन वाजून सात मिनिटे दहा सेकंदांनी वाजली.

मुलांना सात मिनिटे जास्त मिळाली, म्हणजे केंद्रावर गैरप्रकार झाला, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. शाळेतल्या कोणाचे मूल परीक्षेला आहे का, अशी चौकशी सुरू झाली आणि मामांची चिठ्ठी निघाली. मग व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण बघितले गेले. त्यात मामा रोज सकाळी सहा पन्नासच्या सुमारास फडके घेऊन घंटेच्या खोलीत शिरतात आणि दोन-तीन मिनिटांनी बाहेर येतात. रजेवर जायच्या दिवशीही ते आत गेले होते. जाताजाता त्यांनी काहीतरी करून ठेवले, असा सगळ्यांचा समज झाला. बाईंनी तक्रार दिली. केंद्र वाचवायचे तर त्यांना कोणाचे तरी नाव देणे भाग होते.

शुक्रवारी मला यंत्र तपासायला बोलावले. मी अर्धा तास तपासले. यंत्राच्या नोंदीत गुरुवारची घंटा बरोबर दोन वाजता वाजल्याचे लिहिले होते. यंत्राच्या मते ते कधीच चुकलेले नव्हते. शिवाय रोज सकाळी सहा बावन्नच्या आगेमागे कोणीतरी ते बंद करून परत चालू केल्याच्या ओळी होत्या. मी त्या ओळी वाचल्या, कॅमेऱ्याच्या वेळेशी जुळवल्या आणि इथे येऊन सांगितले, की "बाहेरून हात लागल्याशिवाय हे यंत्र सात मिनिटे मागे पडणे शक्य नाही." हे वाक्य माझे आहे. टंकलेखन करणाऱ्या हवालदार बाईंनी मला दोनदा विचारले, "शक्य नाही असंच लिहू ना?" मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

शनिवारी दुपारी जेवताना मी हे आईला सांगितले. आई म्हणाली, "मामांनी घंटा मागे केली? नातीसाठी?"

मी म्हणाले, "नोंदीत तसं दिसतंय. रोज सकाळी कोणीतरी यंत्र बंद करून परत चालू करतं."

"रोज?"

"रोज."

"परीक्षा सुरू होऊन किती दिवस झाले?"

"बारा."

"आणि हे बंद-चालू कधीपासून आहे?"

ते मी बघितले नव्हते. ताट बाजूला सारून मी शुक्रवारी उतरवून घेतलेल्या नोंदी लॅपटॉपवर उघडल्या. बंद-चालूच्या ओळी पंधरा महिन्यांच्या होत्या, रविवार आणि सुट्ट्या सोडून.

आई म्हणाली, "नातीच्या एका पेपरासाठी माणूस पंधरा महिने तालीम करतो होय गं? आणि ज्यांना फसवायचं त्यांनाच चिठ्ठी लिहून कळवतो? जेव आधी. मग तुझं तू बघ."

मी जेवले नाही. हे जबाबात घ्यायची गरज नाही, असे साहेब म्हणाले, पण तोपर्यंत हवालदार बाईंचे लिहून झाले होते.

नोंदी नीट वाचल्यावर असे दिसले, की बंद-चालू करण्याची शेवटची ओळ मामा रजेवर गेले त्याच शनिवारची, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांची आहे. त्यानंतर एकही नाही. म्हणजे पंधरा महिने रोज तो हात यंत्राला लागत होता तेव्हा घंटा वेळेवर होती आणि तो हात थांबल्यावर ती मागे पडली. मी शुक्रवारी नेमके उलटे सांगितले होते.

मग मी माझा प्रोग्रॅम वाचायला घेतला. सोळा महिन्यांत तो मी एकदाही उघडला नव्हता. चूक शोधायला सव्वा तास लागला. ती एका शब्दाची आहे. ठरावीक वेळाने करायचे काम लावून देताना आमच्याकडे दोन पर्याय असतात. एकाला फिक्स्ड रेट म्हणतात, दुसऱ्याला फिक्स्ड डिले. पहिल्यात काम दर साठाव्या सेकंदाला सुरू होते, मधल्या कामाला कितीही वेळ लागो. दुसऱ्यात आधीचे काम संपते, मग साठ सेकंदांची उसंत, मग पुढचे काम. मी पहिला लिहायच्या ऐवजी दुसरा लिहिला होता.

साहेबांनी हे सोपे करून सांगायला सांगितले. मी म्हणाले, समजा तुम्ही शिपायाला बाजारात दर तासाला एक फेरी मारायला सांगितली. एक शिपाई दहा वाजता निघेल, अकरा वाजता निघेल, बारा वाजता निघेल. दुसरा दहाला निघेल, वीस मिनिटांनी परत येईल, तासभर बसेल आणि अकरा वीसला निघेल. दोघेही म्हणतील की मी तासातासाने फेरी मारतो. साहेब म्हणाले, "आमच्याकडे सगळे दुसऱ्या प्रकारचेच आहेत." हे वाक्य लिहू नये असे त्यांनी नंतर सांगितले.

माझ्या यंत्राच्या एका फेरीला सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग लागतो. कोणाच्या कानाला ते कळणार नाही. पण दिवसात अशा एक हजार चारशे चाळीस फेऱ्या होतात. शनिवारी दुपारी दोन ते सोमवारी दुपारी दोन मी तसेच दुसरे यंत्र घरी चालू ठेवले आणि मोबाइलच्या वेळेशी ताडून बघितले. ते सत्तर सेकंद मागे पडले. दिवसाला पस्तीस सेकंद. रजेच्या शनिवारी सकाळी सहा बावन्नपासून गणिताच्या पेपरच्या शेवटापर्यंत बारा दिवस, सात तास आणि वर काही मिनिटे होतात. गुणाकार केला की सात मिनिटे दहा सेकंद येतात. कागद सोबत जोडला आहे. साहेबांनी तो गुणाकार स्वतः करून बघितला, मग हवालदार बाईंनी करून बघितला. पडताळणीसाठी ठाण्यातल्या भिंतीवरचे घड्याळ घ्यावे असे एकाने सुचवले. ते चार मिनिटे पुढे असल्याने घेतले नाही.

सोमवारी दुपारी तीन वाजता मी हे सगळे मुख्याध्यापिका बाईंना दाखवले. बाईंनी मला पाचवी ते सातवी गणित शिकवले आहे, त्यांना समजायला वेळ लागला नाही. कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, हे आता कशाला बाहेर काढतेस? चार दिवसांत सगळं थंड होईल. मामांना ताकीद देऊन सोडतील. तू जाऊन चूक माझी म्हणालीस तर शाळेनं सदोष यंत्र बसवलं असं होईल. केंद्र जाईल आपलं. तुझं नाव खराब होईल ते वेगळंच."

मी विचारले, "ताकीद कशाबद्दल देतील, बाई?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "जा. आणि मामांकडे जाशील तेव्हा त्यांना माझ्याकडून सांग, की..." ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मी कागद गोळा केले आणि निघाले.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी मामांच्या घरी गेले. पाण्याच्या टाकीमागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. मामा खिडकीच्या बिजागरीत तेल घालत होते. मला बघून त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि नातीला चहा टाकायला सांगितला. मी शुक्रवारी काय लिहून दिले, ते त्यांना माहीत होते. साहेबांनी त्यांना ते वाचून दाखवले होते.

मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं. यंत्रातच खोट होती. मी उद्या जाऊन तसं सांगणार आहे."

मामा म्हणाले, "सापडली का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"खोट कुठे आहे ते नव्हतं माहीत. आहे एवढं माहीत होतं. रोज अर्धा-पाऊण मिनिट सुस्तावायचं ते. सकाळी एकदा बंद करून चालू केलं की दिवसभर ताळ्यावर."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, खोलीत काय करता? मी म्हटलं, पुसतो. पुसतही होतोच की. पुढचं सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं, की यंत्र चुकतं. आणि तू तर लिहून दिलं होतंस, चुकणं शक्यच नाही. मी शिपाई, तू शिकलेली. कोणाचं खरं धरलं असतं त्यांनी?"

मी विचारले, "पण मला तरी सांगायचं होतं. पंधरा महिने!"

मामा म्हणाले, "तुला सांगितलं होतं की. यंत्र बसवलंस त्याच महिन्यात. भाजीवाल्याच्या समोर भेटली होतीस. मी म्हटलं, पोरी, घंटा जरा सुस्तावते का गं? तू म्हणालीस, मामा, ती मशीन आहे, ती सुस्तावत नसते. आणि स्कूटरला किक मारून गेलीस."

हे मला आठवत नव्हते. मामांनी सांगितल्यावर आठवले.

मी विचारले, "परत का नाही सांगितलंत?"

मामा म्हणाले, "पहिले आठ दिवस तुझा राग आला होता. म्हटलं, होऊ दे फजिती. पण मुलांची मधली सुट्टी उशिरा होते ना त्यात, म्हणून आपलं बंद-चालू करून बघितलं, तर ठीक झालं. मग रोजच करायला लागलो. आणि मग, खरं सांगू का, मग सांगावंसंच वाटेना. सांगितलं असतं तर तू एका दिवसात नीट करून गेली असतीस. मग मी सकाळी पावणेसातला येऊन काय करायचं होतं? टेबलं पुसायला साडेसातला आलं तरी चालतं."

एवढे बोलून ते परत बिजागरीकडे वळले. ती आता वाजत नव्हती, तरी त्यांनी आणखी दोन थेंब घातले.

नात चहा घेऊन बाहेर आली. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, मला काय करायची होती हो सात मिनिटं? माझा पेपर पावणेदोनलाच झाला होता. मी बाहेर जाऊ का विचारलं तर सर म्हणाले, बसून राहा, परत तपास. मी तीनदा तपासला. शेवटी तर घंटा होईना म्हणून कंटाळा आला होता." वर्गावरच्या सरांनी हे त्यांच्या कागदावर लिहून ठेवले असेल, असेही ती म्हणाली. साहेबांनी आज शाळेत फोन करून खात्री केली. बैठक क्रमांकासमोर एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी "लवकर जाण्याची विनंती, नाकारली" अशी नोंद आहे.

साहेबांनी मला विचारले, की मामा घंटेच्या बाबतीत पूर्वी कधी कोणाला सवलत देत होते का. उदाहरणार्थ मी शाळेत असताना मला उशीर झाला तर घंटा थोडी थांबवणे वगैरे. मी सांगते की, नाही. मी शाळेमागच्या गल्लीत राहत असूनही रोज उशिरा पोहोचत असे. मामा मला धावत येताना बघायचे आणि बघता बघता घंटा वाजवायचे. मग फाटकाशी थांबवून उशिरा आलेल्यांच्या वहीत माझे नाव लिहायचे. आठवी ते दहावी या तीन वर्षांत त्यांनी ते एकेचाळीस वेळा लिहिले. आकडा मला पाठ आहे, कारण तो माझ्या निरोपसमारंभात मोठ्याने वाचून दाखवला गेला. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणासाठी अर्धे मिनिट इकडचे तिकडे केल्याचे मी ऐकलेले नाही.

मी आणखी असे सांगते की, सदर चूक पूर्णपणे माझी आहे. शाळेची नाही, मुख्याध्यापिका बाईंची नाही आणि शिपाई मामांची तर नाहीच. शुक्रवारी मी नोंदींतल्या मला हव्या त्या ओळी वाचल्या आणि नको त्या वाचल्या नाहीत. यंत्रावर माझा विश्वास होता असे मी समजत होते. तो यंत्रावर नव्हता, माझ्यावर होता. ही चूक दुरुस्त करायला किती वेळ लागेल, असे साहेबांनी विचारले. एक शब्द बदलायचा आहे. चार मिनिटे लागतील, त्यात संगणक चालू होण्याची तीन.

त्यानंतर साहेबांनी माझ्यासमोर पथकाच्या अधिकाऱ्यांना फोन लावला आणि गुणाकार वाचून दाखवला. पलीकडून सेकंदांपर्यंत बरोबर आहे का, असे विचारले गेले. साहेब म्हणाले, "सेकंदांपर्यंत." अधिकाऱ्यांनी सांगितले, की वर्गातल्या सगळ्यांना सारखीच मिनिटे मिळाली आणि ती कोणी मुद्दाम दिलेली नाहीत असे ठरत असेल, तर ते अहवाल बदलून पाठवतील, केंद्रही राहील आणि कोणाचा पेपर अडवून ठेवायचे कारण नाही. मात्र मंडळाचा निर्णय होईपर्यंत मूळ यंत्र पुरावा म्हणून ठाण्यातच राहील. ते सध्या साहेबांच्या मागच्या कपाटात, एका हरवलेल्या छत्रीशेजारी आहे. मामांना आता बोलावण्याची जरुरी नाही, असे साहेबांनी सांगितले आणि तसा निरोप त्यांनी मामांना स्वतः फोन करून दिला. मामा फोनवर "बरं" एवढेच म्हणाले, असे साहेब म्हणाले. मग म्हणाले, "मी त्यांची माफी मागितली. ते लिहू नका." हवालदार बाईंनी माझ्याकडे बघितले. तोपर्यंत तेही लिहून झाले होते.

उरलेल्या दोन पेपरांना खेळाचे सर जुनी थाळी लोखंडी सळईने वाजवणार आहेत. काल त्यांनी सराव केला. शेजारच्या इमारतीतले लोक आग लागली समजून खाली आले. परीक्षा संपल्यावर, येत्या सोमवारपासून, मामा कामावर येतील.

दुपारी सव्वाबारा वाजता मुख्याध्यापिका बाईंचा मला फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर ठेवायला सांगितला, म्हणून हे संभाषणही जबाबात येत आहे. बाईंनी आधी केंद्र राहिले का, ते विचारले. राहिले म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. मग त्यांनी विचारले, "आता नवीन यंत्र कधी देतेस?"

मी सांगितले, "अकरा महिने लागतील, बाई."

साहेबांनी मान वर केली. वर चार मिनिटे असे लिहिलेले आहे, ते मला माहीत आहे. तेही खरे आहे.

बाई म्हणाल्या, "अकरा महिने? अगं, एवढे कशाला?"

मी म्हणाले, "या वेळी नीट करायचंय."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "अकरा महिन्यांनी मामा निवृत्त होतायत."

मी म्हणाले, "हो, बाई."

"सोमवारी त्यांची हातोडी शोधावी लागेल."

"कपाटात आहे. वरच्या फळीवर."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग घाई करू नकोस."

या संभाषणाबाबत साहेबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी हवालदार बाईंना पुढचा कागद लावायला सांगितले.

हा मजकूर हवालदार बाईंनी मला पहिल्या ओळीपासून सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर मी स्वतःही वाचून घेतला. मी बोलले तेच यात आले आहे. या वेळी मी सगळ्या ओळी वाचल्या आहेत. कोणाच्या सांगण्यावरून किंवा भीतीने काही लिहिलेले नाही. हे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही